शिबपूरचा वड: खोड शोधू नका

तुमच्या भेटीबद्दल तुम्ही लिहिलंय की हावड्याजवळच्या शिबपूर वनस्पती उद्यानात तिथल्या प्रचंड वडाचं मुख्य खोड कुठे दिसेचना. अहो, ते नाहीच! १८६४ आणि १८६७ च्या वादळांत झाड मोडलं, पुढे बुरशीनं खोड पोखरलं आणि १९२५ साली ते काढून टाकावं लागलं. आज वड उभा आहे तो निव्वळ पारंब्यांवर. एकेक पारंबी जमिनीत रुजून खांबासारखी जाड झालेली, वरच्या आडव्या फांद्या पेलणारी. मला तर हेच खरं नवल वाटतं. पुन्हा गेलात तर भोवतालच्या रस्त्यानं पूर्ण फेरी मारा. (बाग १७८७ ची, ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी रॉबर्ट किड यानं सुरू केलेली.) आणि तळ्यातल्या व्हिक्टोरिया कमळाची उभ्या काठाची, परातीएवढाली पानं चुकवू नका.