‘जिओकॅशिंग’मधल्या ‘कॅश’ला मराठीत काय म्हणावं?

एका लहानशा सामुदायिक वनात जिओकॅशिंग सुरू होतंय आणि तिथल्या फलकाचा मराठी मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. पहिल्याच ओळीत अडकलो. लिहिलं होतं, ‘या झाडीत चार ठिकाणी कॅश लपवलेली आहे.’ घरात वाचून दाखवलं, तर पहिला प्रश्न आला, ‘किती?’

रोकड ती कॅश, आणि फ्रेंच ‘काशे’ म्हणजे लपवणे, त्यावरून आलेली हीसुद्धा कॅश. देवनागरीत दोघी जुळ्या.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: कुणीतरी पाणी न शिरणारा डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतं. बाकीचे फोन किंवा जीपीएस घेऊन तो शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तिथे परत ठेवतात. ‘गुप्तधन’, ‘खजिना’, ‘ठेवा’, ‘भूठेव’ एवढे शब्द सुचलेत. एकही पसंत नाही.

प्रतिसाद

गुप्तधन आणि खजिना आधी खोडा. हे शब्द कानावर पडले की आपला हात कुदळीकडे जातो, आणि या खेळात उकरायला मनाई आहे. एकदा ‘खजिना शोधा’ अशा नावाच्या खेळाला मुलांना घेऊन गेलो होतो. डबा होता खोडाच्या ढोलीत, कमरेइतक्या उंचीवर. पंधरा मिनिटांत मुलांनी झाडाच्या मुळाशी तीन खड्डे पाडले. मुलांना काय बोलणार? शब्दानेच त्यांना खाली बघायला लावलं होतं.

तुमची अडचण जुनीच आहे म्हणा. अमेरिकेने मे २००० च्या सुरुवातीला नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमध्ये एक बादली लपवली. तेव्हा या प्रकाराला ‘स्टॅश हंट’ म्हणत. ‘स्टॅश’ला चोरट्या मालाचा वास येतो म्हणून त्याच महिन्यात मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ सुचवलं. गंमत म्हणजे उल्मर यांची बादली अर्धवट पुरलेलीच होती. पुरायचं नाही हा नियम नंतरचा.

प्रतिसाद

अर्थाच्या दृष्टीने ‘पेव’ बघा. जुने शिकारी आणि प्रवासी परतीच्या वाटेसाठी शिधा लपवून ठेवत, त्यालाच कॅश म्हणत. आपलं धान्याचं पेव त्याच्या अगदी जवळचं.

प्रतिसाद

जवळचं आहे, पण पेव जमिनीखाली असतं. म्हणजे पुन्हा कुदळ आली. शिवाय आता पेव उरलंय ते फक्त फुटण्यापुरतं, आणि इथे ते फुटूही शकत नाही. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं. दोनशे मीटर लांब-रुंद, म्हणजे चार हेक्टरांची झाडी असेल तर चार कोपऱ्यांत चार डबे. मधोमध पाचवा ठेवायला गेलात तर तो प्रत्येक कोपऱ्यापासून १४१ मीटरवर येतो. बाद.

प्रतिसाद

वरच्या सगळ्या प्रतिसादांत तुम्ही सगळेच ‘डबा’ म्हणताय, हे कुणाच्या लक्षात आलंय का? मूळ प्रश्नातही डबाच आहे. शब्द सापडलेला आहे, शोध थांबवा.

आपल्याकडे डबा ऐसपैस आहेच. तिथे डबा सगळ्यांसमोर असतो आणि माणसं लपतात, इथे उलट. आणि मराठीचा फायदा असा, की आकार लिंगातच सांगून होतो. जेवणाच्या डब्याएवढा तो डबा, फिल्मच्या रोळाची असते तेवढी ती डबी. झाकण तडकलंय, आत पाणी शिरलंय, वहीची पानं एकमेकांना चिकटून लगदा झालाय आणि खाचेत मुंग्यांनी अंडी घातलीत, ते डबडं. ‘डबडं झालंय’ एवढं कळवलं की मालक दुरुस्तीला येईल. इंग्रजीला यासाठी अख्खं वाक्य लागतं.

प्रतिसाद

+१. डबा ऐसपैस आलाच आहे तर अक्षांश-रेखांशाच्या त्या नेमक्या जागेला ‘भोज्या’ म्हणू या का?

प्रतिसाद

कल्पना गोड आहे, पण भोज्याला शिवता येतं. इथे अक्षांश-रेखांशाचा आकडा मिनिटाच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, तिसऱ्या दशांशापर्यंत देतात. उत्तर-दक्षिण मोजलं तर तो शेवटचा अंक म्हणजे १.८५ मीटर. पण दाट झाडीत उपग्रहाचे संदेश पानांतून क्षीण होऊन आणि खोडांवर आपटून येतात, म्हणून ‘पोचलात’ असं फोन म्हणतो तेव्हा तुम्ही नुसते आसपास असता. बाण एकदा डावीकडे, एकदा मागे. मी ‘घेर’ म्हणेन. घेरात पोचलात की फोन खिशात ठेवा आणि डोळे वापरा.

फलकावर वाटेबद्दलही लिहा. वीस जण एकाच रेषेत बांधावरून डब्याकडे गेले की गवत बसतं आणि पायवाट होते. मोठ्या जंगलात खपून जातं, चार हेक्टरांत वाट पडली की वाट लागलीच. ‘वहिवाट’ हा शब्द तिथे चुकूनही नको, त्यात हक्क येतो.

मूळ प्रश्नकर्ता

आभार. डबा पक्का, घेरही घेतो. अजून एक: खेळात नसलेल्यांना हे लोक ‘मगल’ म्हणतात, हॅरी पॉटरमधून उचललेला शब्द. मी ‘बघे’ लिहिलंय. ‘बघे गेल्यावरच डबा काढावा.’

प्रतिसाद

‘बघे’ अपघाताभोवती जमतात. इथे रोज सकाळी फेरी मारणारी, रोपांना पाणी घालणारी माणसं आहेत. झाडी त्यांची, पाहुणे तुम्ही. ‘येरागबाळे’ म्हणाला नाहीत एवढंच नशीब. सरळ ‘फिरायला आलेली मंडळी’ लिहा. आणि त्यांच्यापासून चोरून कशाला? विचारलं कुणी तर सांगून टाका. ज्यांना डबा माहीत असतो तीच माणसं तो कचरा समजून फेकत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता

पटलं. आता मजकूर असा:

‘या झाडीत चार डबे लपवलेले आहेत. एकही पुरलेला नाही, उकरू नका. आहे त्या वाटेनेच घेरापर्यंत जा. सापडला तर वहीत नाव लिहा, झाकण घट्ट लावा, होता तिथेच ठेवा. डबडं झालं असेल तर कळवा. जाताना दिसेल तो कचरा उचला.’

‘सामुदायिक वन’ला ‘राई’ म्हणायचा मोह झाला होता. पण परवानगीच्या कागदावर सामुदायिक वन आहे, आणि जागेची मालकी ज्यांची, त्यांनी तोच शब्द हवा म्हणून कळवलंय. शीर्षकात तोच राहील, खाली सगळीकडे झाडी.