पोलिसांची प्रेसनोट दहा मिनिटांत कशी तपासायची?

प्रश्न: घटनेनंतर तासाभरात प्रेसनोट येते आणि डेस्कवर बातमी लगेच हवी असते. आधी काय बघावं?

प्रतिसाद १: क्रियापदं. ‘गोळी झाडली गेली’ असं असेल तर कोणी झाडली ते विचारा. मग प्रत्येक वाक्यासमोर लिहा, हे प्रत्यक्ष कोणी पाहिलं? जिथे जागा कोरी राहते, तिथे ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ हवंच. मथळ्यातसुद्धा! जागा नाही म्हणून तिथेच ते उडतं.

प्रतिसाद २: वेळांचा ताळा घाला: फोन कधी आला, रुग्णवाहिका कधी निघाली, रुग्णालयात नोंद कधी झाली. या नोंदी वेगवेगळ्या लोकांच्या हातात असतात, म्हणून विसंगती सापडते. पहिली नोट स्क्रीनशॉटसह जपा. पुढे गुपचूप सुधारित येते.

प्रतिसाद ३: हिल्सबरो, १९८९. इंग्लंडमधल्या या फुटबॉल मैदानात चेंगराचेंगरीत प्रेक्षकांचे जीव गेले. पोलिसांनी दोष चाहत्यांवर ढकलला आणि तो छापलाही गेला. २०१२ साली चौकशी करणाऱ्या स्वतंत्र पॅनेलला पोलिसांच्याच १६४ जबाबांत मोठे फेरफार आढळले. ११६ मधला पोलिसांना अडचणीचा मजकूर काढलेला किंवा बदललेला होता.

प्रश्नकर्ता: दुसऱ्या बातमीदाराच्या ‘सूत्रां’नीही तेच सांगितलं तर?

प्रतिसाद १: दोघं एकाच अधिकाऱ्याशी बोलले असतील तर स्रोत एकच धरा.