विंडोज १० संपलं, लॅपटॉप ठणठणीत आहे: शेजारी लिनक्स टाकावं का?

कोरीपाटी (धागाकर्ता)
माझं मत आधीच मांडतो. ज्या घरात एकच लॅपटॉप आहे आणि एखादं काम विंडोजवाचून अडतं, तिथे विंडोज आहे तसं ठेवून त्याच लॅपटॉपवर शेजारी लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण मोफत असलेली सिस्टीम, टाकावं.

आमचा लॅपटॉप २०१६चा. इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, मागाहून बसवलेली ४८० जीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क. विंडोज ११ला आठवी पिढी लागते, त्यामुळे ते बसत नाही. विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले आणि मुदतवाढ घेतली तरी ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. बायको चार दुकानांचे हिशेब टॅलीत लिहिते. माझ्या पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये आहेत, तो फॉन्ट नसेल तर मजकूर वाचताच येत नाही. एवढी दोन कामं आम्ही नेट बंद ठेवून विंडोजमध्ये करतो. बँक, मेल, जीएसटीचं पोर्टल, मुलीचा अभ्यास, सगळं मिंट या लिनक्सच्या आवृत्तीत. इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी येत असेल तर मराठी टायपिंगला काहीच अडत नाही, अक्षरं त्याच कळांवर सापडतात.

चालतं यंत्र भंगारात टाकायला मन धजत नाही. तुमचं काय म्हणणं?

सुईदोरा
पूर्ण असहमत. तुम्ही सांगता तितकं हे सरळ नाही, आणि किंमत कोण मोजतं ते मी घरात पाहिलं आहे.

भाचीचा लॅपटॉप नवा होता. मैत्रिणीच्या सांगण्यावरून तिने लिनक्स टाकायला घेतलं. लिनक्सचा पेन ड्राइव्ह चालेना म्हणून बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन सिक्युअर बूट हा सुरू होतानाचा पहारा बंद केला. पुढच्या वेळी विंडोज उघडायला गेली तर निळा पडदा आणि बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाच्या ४८ आकडी रिकव्हरी कीची मागणी. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद, आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते म्हणे. पण खातं उघडलं होतं दुकानातल्या मुलाने, त्याला सुचेल त्या ईमेलने, आणि तो मुलगा दुकान सोडून गेलेला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यात होता. आठ रात्री जागून तिने तो पुन्हा टाइप केला.

सर, तुमच्या हाताला सवय आहे. वाचणाऱ्या प्रत्येकाला नसते.

दोनडिस्क
ताईंचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून लिनक्सच नको असं होत नाही. माझा विरोध एकाच डिस्कवर दोन्ही नांदवायला आहे. १३ ऑगस्ट २०२४चं विंडोजचं अपडेट आठवा. त्याने सिक्युअर बूटमधले जुने बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारे छोटे प्रोग्रॅम, नाकारायला सुरुवात केली. दोन सिस्टीम असलेल्या यंत्रांना ते लागू होणार नव्हतं, तरी झालं, आणि लिनक्स सुरूच होईना. दुरुस्ती आली मे २०२५मध्ये.

कोरीपाटी सर, २०१६च्या लॅपटॉपला बहुतेक डीव्हीडी ड्राइव्ह असेल. ती काढा आणि त्या जागी कॅडीत, म्हणजे त्याच मापाच्या खोबणीत, दुसरी एसएसडी बसवा. कॅडी घेण्याआधी जाडी मोजा, ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन्ही मिळतात. लिनक्स टाकताना विंडोजची डिस्क सोडवून बाजूला ठेवा, नाहीतर इन्स्टॉलर आपला बूटलोडर बरेचदा तिच्यावरच नेऊन ठेवतो. काही लॅपटॉप कॅडीतून बूट होत नाहीत, ते आधी पाहून घ्या.

कोरीपाटी
@सुईदोरा, तुम्ही लिहिलंत ते मी धाग्यातच लिहायला हवं होतं. बिटलॉकरची की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय बायोसला हातही लावू नये. खातं स्वतःच्या ईमेलवर आहे ना, हे लॅपटॉप घेतला त्याच दिवशी बघावं. आणि फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर हवीच, कारण इन्स्टॉलरमध्ये ‘विंडोजच्या शेजारी’ आणि ‘सगळी डिस्क पुसा’ हे पर्याय एकाखाली एक असतात.

मलाही दोन गोष्टींनी छळलं. टॅलीच्या फाइली डी ड्राइव्हवर. मिंटमधून पोर्टलवरचं चलन उतरवलं, तर डी ड्राइव्हवर सेव्हच होईना. कारण विंडोजची फास्ट स्टार्टअप ही सोय. त्यामुळे विंडोज शट डाउन केलं तरी पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला ती ड्राइव्ह फक्त वाचता येते. ते बंद केलं आणि प्रश्न मिटला. दुसरं घड्याळ. मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक धरतं, लिनक्स ग्रीनिचची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. म्हणून मिंटमधून विंडोजमध्ये आलं की दुपारी दोनला सकाळचे साडेआठ दिसायचे. मिंटला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एक आज्ञा आहे, ती दिली.

दोन्ही मिळून एक संध्याकाळ गेली. नव्या लॅपटॉपचे चाळीसेक हजार त्या संध्याकाळीने वाचवले.

पायरीपायरी
माझं उलट म्हणणं आहे. दोन दगडांवर पाय ठेवला की माणूस विंडोजमध्येच राहतो. मी तीन वर्षं तसंच काढलं. जरा अडलं की रीस्टार्ट, आणि मग महिनाभर लिनक्सचं तोंड नाही. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवरच शिकतात, त्यांना जमतं. शिकायला मराठी साहित्य नाही म्हणाल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत. टॅलीसाठी लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खिडकीत चालणारा आभासी संगणक, करा आणि विंडोज त्यात टाका.

कोरीपाटी
८ जीबीत व्हर्च्युअल मशीन चालतं, पण बायकोला एका हातात बिलांचा गठ्ठा धरून नोंदी करायच्या असतात, तिथे खिडकी अडखळून चालत नाही. करून पाहिलं, तिसऱ्या दिवशी तिने नको म्हटलं. ज्याचं पोट त्या कामावर आहे त्याचा शब्द मी वरचढ धरतो.

@दोनडिस्क, कॅडीचं पटलं. मी आधी विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह १०० जीबीने आकसवली होती. धाकट्या भावाच्या लॅपटॉपला तुमची पद्धत वापरतो.

सुईदोरा
विरोध कायम आहे, पण एक विचारते. भाचीचा लॅपटॉप नव्याने सेट केला, खातं आता तिच्याच नावावर आहे. डिस्क एन्क्रिप्ट झाली आहे का, ते कुठे दिसतं?

कोरीपाटी
सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन. चालू दिसलं तर तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातले कीचे ४८ आकडे दोन कागदांवर लिहा. एक तिच्याकडे राहू दे, एक तुमच्या कपाटात.