विषय: बॉल पायथनचं घर – सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

लेकीच्या हट्टापुढे हात टेकले आणि तीन आठवड्यांपूर्वी घरात बॉल पायथन साप आला. नर आहे, पिल्लूच, पैदास करणाऱ्याकडे जन्मलेलं. तीन फुटी काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, खाली हीटिंग मॅट, मध्यभागी एक पोकळ ओंडका, कोपऱ्यात पाण्याचं भांडं. त्याला हिंडता यावं म्हणून बाकी सगळी जागा मोकळी सोडली आहे.

दिवसभर भांड्यामागे दडून बसतो, रात्री काचेवर नाक घासत फेऱ्या मारतो. गोठवलेला उंदीर कोमट करून दोनदा दिला, दोन्ही वेळा तोंड फिरवलं. कात टाकली तीही तुकड्या-तुकड्यांत. टाकी लहान पडतेय का? चार फुटी मागवू?

– हैराण बाबा

---

दादा,

साप म्हणून भुई धोपटू नका. मोठा झाल्यावर चार बाय दोन बाय दोन फुटांची जागा लागेलच, पण आज अडचण उलटी आहे. तुमची टाकी त्याला फार उघडी वाटतेय.

हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला प्राणी. तिथे दिवस काढतो उंदरांच्या बिळात, नाहीतर वारुळात. घाबरला की डोकं आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, त्यावरून तर नाव पडलं. दोन्हीकडून उघडा ओंडका म्हणजे त्याच्या लेखी बोगदा. दोन सारखी बिळं ठेवा, एक गरम टोकाला, एक गार टोकाला. एकच ठेवलं तर त्याला ऊब आणि आडोसा यांतलं एक निवडावं लागतं, आणि हा पठ्ठ्या बहुधा आडोसाच निवडतो. मग अंगात ऊब नाही, तर भूक कुठून लागणार? बीळ असं घट्ट हवं की वेटोळं घातल्यावर अंग चहूकडून टेकलं पाहिजे. उपडी कुंडी दाराएवढी कापून, कडा घासून गुळगुळीत केली तरी चालते, त्याला शोभेचं काही कळत नाही. मागच्या आणि बाजूच्या काचांना बाहेरून काळा कागद लावा. मध्ये वाळकी पानं, खोट्या वेली टाका.

कात तुकड्यांत निघाली म्हणजे हवा कोरडी आहे. जाळीतून सगळी ओल उडून जाते. झाकणाचा बराच भाग झाका आणि आर्द्रता ६० ते ७० टक्के ठेवा. मोजायला डिजिटल हायग्रोमीटर घ्या, काचेला चिकटवायची काट्याची तबकडी नको. खाली चार बोटं कोकोपीट घाला आणि पाणी कोपऱ्यांतून ओता, म्हणजे तळ ओला राहतो आणि वरचा थर कोरडा. सतत ओलीवर बसला तर पोटाचे खवले खराब होतात. सिडार-पाइनचा भुसा अजिबात नको.

आता एवढ्या जाड थराखाली मॅट काही कामाची नाही. ऊब वर पोचत नाही आणि खाली काच तापत राहते. जाळीच्या वर, बाहेरून, सिरॅमिक हीटर लावा. त्याच्याखालची जागा ३१ ते ३३ अंश सेल्सियस, गार टोक २५ ते २७. रात्री लाल दिवा वगैरे नको, त्याला अंधारच हवा.

थर्मोस्टॅटचं, म्हणजे ठरावीक तापमानाला हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्राचं, तुम्ही लिहिलंच नाहीत, म्हणून माझी फजिती सांगते. माझ्या पहिल्या सापाच्या वेळी मॅटवरचा प्रोब, म्हणजे थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी वायर, चिकटपट्टीने लावला होता. ओलीने पट्टी सुटली आणि प्रोब पाण्याच्या भांड्यात जाऊन पडला. थर्मोस्टॅटला वाटलं गारठलंय, त्याने रात्रभर मॅट तापवली. सकाळी बाईसाहेब तिथेच, त्याच वेटोळ्यात. उचलून पाहिलं तर पोटाचे तीन खवले करपून तपकिरी झालेले. ती बाजूला सरकलीच नव्हती. डॉक्टर, मलम, दोन महिने. तेव्हापासून प्रोब क्लिपने पक्का बसवते. टाकीत चिकटपट्टी तर नाहीच, ती सुटून खवल्यांनाही चिकटते.

हे सगळं झालं की दहा दिवस हात लावायचा नाही, उंदीरही द्यायचा नाही. दर आठवड्याला वजन तेवढं करा. वजन टिकून असेल तर उपासाची काळजी नको. तोंडाशी बुडबुडे किंवा श्वासाला घरघर दिसली, तर मात्र मला मेल न करता डॉक्टर गाठा.

– सापवाली ताई

---

झाकणाला कुलूप आहे ना? डोकं मावलं की अंग मावतंच. आमचा चार दिवस बेपत्ता होता, शेवटी फ्रिजमागे मोटरच्या उबेला सापडला. त्या चार दिवसांत आमच्याकडे कुणी पाहुणे आले नाहीत.

– एक जुने सभासद

---

ताई,

कुलूप लावलं, काळा कागद लावला, कुंड्या कापल्या. नाक घासणं तिसऱ्या रात्रीच थांबलं. गरम बिळात इतका गुडूप बसतो की लेक रोज विचारते, “बाबा, आहे ना आत?”

काल बाराव्या दिवशी बिळाच्या दारात नुसतं नाक दिसलं. लांब चिमट्यात उंदीर धरून समोर नेला. आधी जीभ, मग बराच वेळ काहीच नाही, मग एवढं झटकन की माझ्या हातून चिमटाच सुटला. उंदीर आत ओढून नेला. देण्याआधीचं वजन १८७ ग्रॅम, पहिल्या आठवड्याएवढंच.

लेक विचारतेय, आता उचलू का?

– बाबा

---

पूर्ण दोन दिवस थांबा, नाहीतर ओकून टाकेल. आणि उचलायच्या आधी तिला हात साबणाने धुवायला सांगा. बोटांना उंदराचा वास असला तर बोट कुठलं आणि उंदीर कुठला, हे तो बघत बसणार नाही. नंतरही धुवायचेच, सापाच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूंसाठी.

– ताई