ठरलेल्या क्रमाशिवाय लढाई: ‘डॅगरहार्ट’ची वाट पाहताना पडलेला एक प्रश्न

(‘डॅगरहार्ट’ प्रसिद्ध होण्यापूर्वीची, मे २०२५ आधीची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

शनिवारचा डाव

नमस्कार. डॅरिंग्टन प्रेसचा ‘डॅगरहार्ट’ हा नवा फँटसी रोल-प्लेइंग गेम (प्रत्येकाने एक पात्र साकारत मिळून कथा पुढे नेण्याचा खेळ) २० मे २०२५ रोजी प्रसिद्ध होत आहे. मार्च २०२४ मध्ये त्याची खुली चाचणी आवृत्ती आली, तेव्हापासून मी त्याचे नियम वाचत आलो आहे आणि इतक्या आतुरतेने मी आजवर कोणत्याही खेळाची वाट पाहिलेली नाही. पाच खेळाडू आणि मी गेम मास्टर, म्हणजे प्रसंग सांगणारा व शत्रूंना चालवणारा, असा आमचा गट आहे. चार वर्षांपासून आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती खेळतो आणि आता नवे कॅम्पेन, म्हणजे अनेक डावांत चालणारी कथा, ‘डॅगरहार्ट’मध्ये सुरू करावे, असे सर्वांच्या मनात आहे.

माझी अडचण एकच आहे. जुन्या खेळात लढाई सुरू झाली की प्रत्येकजण इनिशिएटिव्हचा फासा टाकतो, त्यातून क्रम ठरतो आणि ज्याची त्याची वेळ आपोआप येते. ‘डॅगरहार्ट’मध्ये असा क्रम नाही. कथेच्या ओघात ज्याला सुचेल त्याने पुढे यावे, अशी अपेक्षा आहे. आमच्यातील एक मैत्रीण फार कमी बोलते. तिला खेळ मनापासून आवडतो, तिच्या पात्राची वही आम्हा सर्वांच्या वह्यांपेक्षा भरगच्च आहे, पण चारजण एकाच वेळी बोलू लागले की ती थांबते आणि मग थांबूनच राहते. तिची वेळ ठरलेली असते म्हणूनच आजवर लढाईत तिचे म्हणणे सर्वांपर्यंत पोहोचत आले. या नव्या पद्धतीत ती मागे पडेल का? ज्यांनी चाचणी आवृत्ती खेळून पाहिली आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

बाराकोनी

चाचणी आवृत्तीचे सात-आठ डाव मी चालवले आहेत. तुमची शंका रास्त आहे, परंतु तिचे उत्तर फाशांत बऱ्याच अंशी दडलेले आहे, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो.

या खेळात वीस बाजूंच्या एका फाशाऐवजी बारा बाजूंचे दोन वेगळ्या रंगांचे फासे एकत्र टाकतात. एक आशेचा आणि दुसरा भयाचा. दोन्हींची बेरीज करून कृती साधली की फसली ते ठरते. आशेचा आकडा मोठा असेल तर खेळाडूला आशेचा एक गुण मिळतो, भयाचा मोठा असेल तर गेम मास्टरला भयाचा एक गुण मिळतो, आणि दोन्ही आकडे सारखे आले तर ते निर्विवाद मोठे यश मानतात. एकूण १४४ शक्यतांपैकी ६६ आशेच्या, ६६ भयाच्या आणि १२ सारख्या आकड्यांच्या आहेत.

आता मुख्य मुद्दा. फेक फसली किंवा ती भयाची ठरली, की सूत्रे गेम मास्टरकडे येतात. यशासाठी बेरीज किमान १३ हवी, असे धरून मी मांडणी केली, तेव्हा आशेसह यश किंवा सारखे आकडे मिळण्याच्या शक्यता ४८ निघाल्या, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. याचा अर्थ मध्यम कठीण प्रसंगात तीनपैकी दोन फेकींनंतर बोलण्याची संधी तुमच्याकडे येते. सोप्या प्रसंगात, बेरीज ९ पुरत असेल तेव्हाही, हे प्रमाण अर्ध्याहून थोडे अधिकच राहते. त्यामुळे उत्साही खेळाडूने कितीही जोर लावला तरी त्याला सलग फार पुढे धावता येत नाही.

ती संधी तुम्ही कोणाकडे वळवता, हे मात्र सर्वस्वी तुमच्या हातात असते. राक्षसाने गदा उगारली, तर ती कोणाच्या दिशेने उगारली हे तुम्हीच सांगता, आणि त्यानंतर “तुझ्या पात्राच्या अंगावर तो धावून येतो आहे, तू काय करतेस?” असा थेट प्रश्न विचारता येतो. तुम्ही वर्णन केलेल्या स्वभावाचा एक खेळाडू आमच्याकडेही आहे. खुल्या गोंगाटात तो गप्प असतो, पण नाव घेऊन विचारले की उत्तम बोलतो.

जुना नकाशा

बाराकोनी यांचे गणित मला पटते, निष्कर्ष पटत नाही. गेम मास्टरने आठवणीने विचारल्यावरच ज्याला बोलता येते, त्याची संधी दुसऱ्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहते. इनिशिएटिव्हचा क्रम हा खेळाडूचा हक्क असतो. गेम मास्टर दमलेला असो, विसरलेला असो, रात्रीचे अकरा वाजलेले असोत, क्रम आला की सर्वांनी थांबून ऐकायचे असते. मितभाषी माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती सोडताना शनिवारचा डाव यांनी खरोखर विचार करावा, असे मी कळकळीने सांगतो.

वाट पाहायचीच असेल तर एमसीडीएम या प्रकाशकाचा ‘ड्रॉ स्टील’ हा अशाच प्रकारचा खेळही पाहावा. डिसेंबर २०२३ मध्ये त्यासाठी लोकवर्गणी उभी राहिली. त्यात नायकांचा पक्ष आणि शत्रूंचा पक्ष आळीपाळीने हालचाल करतात. आपल्या पक्षातून आता कोणी जायचे, हे खेळाडू आपसात ठरवतात, मात्र प्रत्येक फेरीत प्रत्येकाला एकदा संधी मिळतेच. दहा बाजूंचे दोन फासे टाकायचे आणि ११ पर्यंत, १२ ते १६, १७ व त्यापुढे अशा तीन पायऱ्यांवर परिणाम मोजायचा. वार पूर्ण वाया जाणे, हा प्रकारच त्यात नाही. बराच वेळ थांबून शेवटी धीर एकवटणाऱ्या माणसाची ती एकमेव खेळी फुकट जात नाही, ही त्यातील मला सर्वाधिक भावलेली गोष्ट आहे.

कंदील

हक्काचा मुद्दा मलाही मान्य आहे, आणि तो ‘डॅगरहार्ट’मध्येही जपता येतो. आमच्या टेबलावर आम्ही स्वतःपुरता एक नियम केला आहे. लढाईच्या आरंभी प्रत्येकासमोर तीन कवड्या ठेवायच्या, पुढे येऊन कृती केली की आपली एक कवडी मध्यभागी सरकवायची, आणि ज्याच्या तिन्ही संपल्या त्याने इतरांच्या संपेपर्यंत थांबायचे. सर्वांच्या संपल्या की पुन्हा तीन-तीन. कोण मागे राहिले आहे ते समोर दिसत असल्यामुळे कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही, आणि नेमके कधी पुढे यायचे याचे स्वातंत्र्यही टिकून राहते.

आणखी एक सुचवतो, कारण तुमच्या मैत्रिणीची भरगच्च वही वाचून मला फार आनंद झाला. या खेळात प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राचे दोन ‘अनुभव’ स्वतःच्या शब्दांत लिहितो. प्रसंगाला तो अनुभव लागू पडत असेल, तर आशेचा एक गुण खर्चून बेरजेत २ मिळवता येतात. दिलेल्या यादीतून निवडण्याचे बंधन नाही. आम्ही ते मराठीतच लिहितो. “घाटातल्या वाटा अंधारातही ओळखते” किंवा “सावकाराच्या वह्या वाचून वाढलेली” असे लिहिले की पात्र लगेच आपल्या ओळखीचे होते. जी व्यक्ती लिहिण्यात रमते, तिच्या लेखनाला लढाईच्या ऐन क्षणी प्रत्यक्ष वजन येते. तिला बोलावेसे वाटण्याचे ते एक स्वतंत्र कारण ठरू शकेल.

शनिवारचा डाव

तिघांचेही मनापासून आभार. जुना नकाशा यांनी हक्क हा शब्द वापरला आणि माझी भीती नेमकी कशाची होती ते मला तेव्हाच उमगले.

काल मी हा विषय मैत्रिणीसमोरच काढला, जे खरे तर मी आधीच करायला हवे होते. ठरलेला क्रम तिला आधार वाटतो, पण आपली वेळ येईपर्यंत प्रसंग बदलून जातो आणि मनात जुळवलेली खेळी निरुपयोगी ठरते, याचे तिला अनेकदा वाईट वाटले आहे, असे तिने सांगितले. चार वर्षांत हे माझ्या लक्षात आले नव्हते. कवड्यांची कल्पना तिला आवडली. फक्त तीनऐवजी दोन ठेवाव्यात, म्हणजे फेरी लवकर पूर्ण होईल आणि कोणालाही फार वेळ ताटकळावे लागणार नाही, असे तिचे मत पडले.

त्यामुळे पुस्तक येण्यापूर्वी, येत्या दोन शनिवारी, चाचणी आवृत्तीच्या नियमांवर एक छोटी मोहीम खेळायचे ठरले आहे. पहिल्या शनिवारी कवड्यांशिवाय आणि दुसऱ्या शनिवारी दोन-दोन कवड्यांसह. बाराकोनी, सूत्रे माझ्याकडे आल्यावर एका वेळी एकाच शत्रूला हलवावे की अनेकांना, हे तुम्ही आपल्या डावांत कसे ठरवता, तेवढे कृपया लिहावे.

बाराकोनी

सहसा एकालाच. दुसऱ्याला हलवायचे असेल तर मी भयाचा एक गुण सर्वांना दिसेल असा खर्च करतो, म्हणजे संकट वाढले आहे हे खेळाडूंना आधीच कळते. पहिल्या शनिवारी शत्रू तीनच ठेवा, आणि त्यांतला एक तुमच्या मैत्रिणीच्या पात्राला ओळखणारा असू द्या.