शब्दचर्चा : टंगस्टन कार्बाइड हे संयुग की मिश्रधातू?

प्रश्न : यंत्रशाळेतील हत्यारांविषयीच्या मराठी लेखनात टंगस्टन कार्बाइडला कधी ‘मिश्रधातू’, कधी ‘संयुग’, तर कधी ‘कठीण धातू’ म्हटलेले आढळते. यांपैकी नेमका शब्द कोणता? आंबे पिकवण्यासाठी वापरतात ते कार्बाइड हेच का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सोपे आहे. आंब्यांच्या संदर्भात ज्याचे नाव येते ते कॅल्शियम कार्बाइड होय. ओलावा लागताच त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि फळे पिकवण्यासाठी त्याचा वापर करण्यास आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. टंगस्टन कार्बाइडवर पाण्याचा असा काहीच परिणाम होत नाही. वृत्तपत्रांत नुसते ‘कार्बाइड’ म्हटले की पहिले समजले जाते आणि कारखान्यात दुसरे. म्हणून लिहिताना धातूचे नाव जोडावेच.

आता मुख्य प्रश्न. शुद्ध टंगस्टन कार्बाइड हे संयुग आहे, मिश्रधातू नव्हे. त्यात टंगस्टनाच्या प्रत्येक अणूमागे कार्बनचा एक अणू असतो आणि वजनाने कार्बनचे प्रमाण ६.१३ टक्के भरते. मिश्रधातूत घटकांचे प्रमाण कमीजास्त करता येते; येथे ते फारसे हलत नाही, हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. टायटॅनियम कार्बाइडात कार्बनच्या पुष्कळ जागा रिकाम्या राहिल्या तरी स्फटिकाची घडण टिकून राहते. टंगस्टन कार्बाइड मात्र अशी सूट जवळजवळ देत नाही.

स्फटिकरचना पाहिली की ‘मिश्रधातू’ हा शब्द का चुकतो ते अधिक स्पष्ट होते. टंगस्टन धातूच्या स्फटिकात घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि मध्यभागी अणू असतात. कार्बाइडात ही मांडणी उरतच नाही. तेथे टंगस्टनाचे थर नेमके एकावर एक येतात आणि साधे षट्कोणीय जालक, म्हणजे अणूंची पुन्हापुन्हा येणारी जाळीदार मांडणी, तयार होते. त्याच्या एकक कोशिकेची (मांडणीच्या सर्वांत लहान आवर्ती घटकाची) पायाची बाजू सुमारे २.९१ आंगस्ट्रॉम (एक आंगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आणि उंची सुमारे २.८४ आंगस्ट्रॉम असते. दोन थरांमधल्या निम्म्या पोकळ्यांत कार्बन बसतो. त्याच्याभोवती टंगस्टनाचे सहा अणू त्रिकोणी चितीच्या, म्हणजे वरखाली तंतोतंत जुळणाऱ्या दोन त्रिकोणांच्या, कोपऱ्यांवर असतात. टायटॅनियम कार्बाइडची रचना याहून निराळी आहे. ती मिठाच्या स्फटिकासारखी घनीय असून तिच्यात कार्बनभोवतीचे सहा अणू अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर असतात.

या रचनेत टंगस्टन व कार्बन यांच्यामधील बंध बळकट सहसंयुजी, म्हणजे अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेतल्याने बनणाऱ्या, स्वरूपाचे असतात, पण धातूला शोभणारे मोकळे इलेक्ट्रॉनही शिल्लक राहतात. त्यामुळे मोज मापश्रेणीवर ९ ते ९.५ इतकी कठिनता असलेला हा पदार्थ विजेचा चांगला वाहकही आहे, आणि म्हणूनच कार्बाइडच्या डाय (धातूला आकार देणारे साचे) वायरकटवर, म्हणजे तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून कापणाऱ्या यंत्रावर, कापता येतात. त्याची घनता १५.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे पोलादाच्या साधारण दुप्पट आहे.

मग ‘कठीण धातू’ हा शब्द कोठून आला? जर्मन भाषेतील ‘हार्टमेटाल’चा तो सरळ अनुवाद आहे, आणि तो शुद्ध संयुगासाठी नसून हत्यारासाठी आहे. नुसते टंगस्टन कार्बाइड कठीण असले तरी ठिसूळ असते. विजेच्या दिव्यांची तार ओढण्यासाठी लागणाऱ्या महागड्या हिऱ्याच्या डायना पर्याय शोधताना ओसराम कंपनीतील कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टसारख्या धातूच्या भुकटीबरोबर दाबून तापवली. या पद्धतीचे पेटंट १९२३ सालचे आहे. तापवताना कोबाल्ट वितळून कणांच्या मधोमध पसरते आणि थंड झाल्यावर त्यांना धरून ठेवते. क्रुप कंपनीने १९२६ पासून हा माल ‘विडिया’ या नावाने विकला. ‘हिऱ्यासारखे’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते नाव बेतलेले आहे. तेव्हा छिद्रे पाडण्याच्या बिटाच्या टोकाला बसवलेला तुकडा हा संयुग आणि धातू यांचा संमिश्र पदार्थ आहे. त्याला ‘कोबाल्टबद्ध टंगस्टन कार्बाइड’ म्हणावे असे मी सुचवीन. येथे ‘कठीण’ आणि ‘चिवट’ हे शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नयेत. कोबाल्ट वाढवले की चिवटपणा वाढतो आणि कठिनता घटते. खाणकामाच्या बिटांत कोबाल्ट जास्त आणि बारीक कातकामाच्या इन्सर्टमध्ये (हत्यारावर बसवायच्या कापणाऱ्या तुकड्यात) कमी घालण्याचे कारण हेच.

पुरवणी प्रश्न : अशा कार्बाइडांना ‘अंतराळी संयुगे’ म्हणतात. धातूच्या पोकळ्यांत कार्बन शिरला, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा काय?

उत्तर : एवढाच अर्थ घेतल्यास दिशाभूल होते. स्वीडनचे गुन्नार हेग यांनी १९३१ साली मांडलेल्या नियमानुसार कार्बन व धातू यांच्या अणुत्रिज्यांचे गुणोत्तर ०.५९ पेक्षा कमी असेल तर साधी रचना बनते, आणि जास्त असेल तर गुंतागुंतीची. टंगस्टन या मर्यादेच्या आत येतो. लोह बाहेर पडते, म्हणून पोलादातील सिमेंटाइटची, म्हणजे लोहाच्या कार्बाइडची, रचना किचकट असते. परंतु वर पाहिल्याप्रमाणे टंगस्टनाचे मूळ जालक तसेच राहून त्यात कार्बन शिरत नाही. धातूचे अणू नव्याने मांडले जातात. ‘अंतराळी’ हा शब्द कार्बनची जागा सांगतो, संयुग बनण्याची रीत नव्हे.

नावाबाबत आणखी एक खबरदारी घ्यावी. टंगस्टनाचे दोन अणू आणि कार्बनचा एक अणू असलेले डायटंगस्टन कार्बाइड हे वेगळे संयुग आहे. तेल-विहिरींच्या ड्रिलिंग हत्यारांवर झीजरोधक थर चढवण्यासाठी जे ओतीव टंगस्टन कार्बाइड वापरतात, त्यात ही दोन्ही संयुगे एकत्र असतात. तेथे एकवचनी नाव दिसले तरी पदार्थ एकच आहे असे समजू नये.