मनोनकाशाची ‘सजावट’ की ‘सानुकूलन’?

फळा_खडू :
एक शब्द अडलाय. सोलापुरातल्या मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी पुस्तिका लिहितेय. संगणकावर मनोनकाशा (इंग्रजीत माइंड मॅप : मध्ये विषय, त्याला फुटलेल्या मुद्द्यांच्या फांद्या) काढून झाला, आता त्याचं रंगरूप हवं तसं कसं करून घ्यायचं, हा विषय. फांद्यांचे रंग, रेघांची जाडी, चौकटींचे आकार, टाइप (फाँट), चिन्हं, मागचा रंग. घरी अभ्यासाला एक रूप, वर्गात पडद्यावर दाखवायला दुसरं.

प्रकरणाचं नाव मी ठेवलं ‘मनोनकाशाचे सानुकूलन’, इंग्रजीतल्या ‘कस्टमाइझ’साठी. तपासणाऱ्या बाईंनी त्यावर लाल रेघ ओढून ‘मनोनकाशाची सजावट’ केलं. मला पटत नाही. सजावट म्हटलं की डोळ्यांपुढे गौरीपुढची आरास येते, काढून ठेवली तरी गौर गौरच राहते. माझा नमुन्याचा नकाशा आहे सोलापूरच्या मार्शल लॉचा, म्हणजे लष्करी अमलाचा. मध्ये ‘सोलापूर 1930’. एक फांदी मिठाचा सत्याग्रह आणि गांधीजींच्या अटकेची, दुसरी मे महिन्यात शहरात घडलं त्याची, तिसरी खटल्याची. तिच्या टोकाला 12 जानेवारी 1931 आणि फाशी गेलेले चौघं : मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. कारणं निळी, घटना केशरी, परिणाम काळे. रंग उलटेपालटे केले तर मूल कारणाला परिणाम समजेल. ही सजावट कशी?

पण खरं सांगायचं तर ‘सानुकूलन’ही माझ्या जिभेवर बसत नाही. काय म्हणावं?

कोशातला_किडा :
बसणारच नाही. सानुकूल म्हणजे अनुकूल, कृपा असलेलं. दैव सानुकूल असतं, वारा सानुकूल असतो. अनुकूल मुळात अनु + कूल, कूल म्हणजे नदीचा काठ, काठाला धरून जाणारं ते अनुकूल. यात ‘मी माझ्या मर्जीने बदललं’ कुठून आलं? मोबाइलवर कुणीतरी ‘सानुकूलित करा’ लिहिलं आणि आपण सगळे माना डोलावतोय.

अनुवादाची_हमाली :
तो ‘कुणीतरी’ म्हणजे आमच्यासारखेच, शब्दामागे पैसे मिळणारे. बटणात मावेल, क्रियापद होईल आणि तपासनीस नापास करणार नाही असा शब्द रात्री साडेअकराला द्यायचा असतो. मी एकदा ‘आपल्या सोयीचं करा’ दिलं होतं. ‘फार घरगुती वाटतं’ असा शेरा मारून परत आलं. आता बऱ्याच ठिकाणी सरळ ‘कस्टमाइझ करा’ दिसतं आणि कुणाचं काही अडत नाही. मूळ अर्थ काठाचा असेना का. ‘कुशल’ म्हणजे तरी कुश कापण्यात तरबेज, असं सांगतातच की.

धोटा :
ताई, ‘नक्षी’ का नाही? नकाशा आणि नक्षी एकाच घरातली भावंडं, दोघांचं मूळ अरबी ‘नक्श’. वडील जकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या चादरीचं डिझाइन काढायचे. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरायचा. भरलेला चौकोन म्हणजे उभा धागा वर, रिकामा म्हणजे खाली. त्यावरून पुठ्ठ्याला भोकं पाडायची, म्हणजे पंचिंग, त्यावरून माग. एक चौकोन चुकला तर मोराची मान तुटलेली निघायची, आणि ती एका चादरीत नाही, सगळ्या ठाणात. तिथे रंग शोभेला नसतो हो, ती मागाला दिलेली आज्ञा असते. तुमच्या निळ्या-केशरीचंही तेच. ‘मनोनकाशाची नक्षी’, कानालाही गोड.

कोशातला_किडा :
गोड आहे, पण सजावटीतून उठून तुम्ही नक्षीत जाऊन बसलात. ‘नुसती नक्षी आहे, आत काही नाही’ असंच आपण म्हणतो ना?

आणि मूळ दुखणं वेगळंच आहे. ‘मनोनकाशा’ हा शब्दच कसा चालतो तुम्हाला? मनः चं ‘मनो’ होतं ते संस्कृत शब्दापुढे. मनोरथ, मनोरंजन. अरबी नकाशाला संस्कृत संधी लावायचा म्हणजे धोतरावर टाय. ‘विचारचित्र’ म्हणा.

सात_रस्ता :
किडाभाऊ, ‘जिल्हाधिकारी’ कसे चालतात तुम्हाला? जिल्हा अरबी, अधिकारी संस्कृत, आणि दीर्घ संधी करून बसलेत की खुर्चीत!

कोशातला_किडा :
ते सरकारी पद आहे. सरकारला व्याकरण माफ.

जुना_मास्तर :
नवीन शब्द हवाच कशाला? पाठ्यपुस्तकात ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ हा प्रश्न आहेच. पोरं ते रोज सोडवतात. ‘ओघतक्ता’ आहे, ‘आकृतिबंध’ आहे. शिकवलेलं सोडून चौथं नाव दिलं की मूल विचारणार, सर, हे किती मार्कांना?

फळा_खडू :
मास्तर, नमस्कार. संकल्पनाचित्र हे निराळ्या पोटजातीला लागतं म्हणून टाळलं. अमेरिकेत जोसेफ नोव्हाक यांनी 1970 च्या दशकात जे मांडलं त्यात रेघेवरही शब्द असतो, ‘यामुळे’, ‘याचा भाग’ असा, आणि एका चौकटीला चार बाजूंनी रेघा येऊ शकतात. मनोनकाशा टोनी बुझान यांनी 1974 मध्ये बीबीसीवरच्या मालिकेतून लोकांपर्यंत नेला. मध्ये चित्र, त्यातून निघणाऱ्या वळणदार फांद्या, बुंध्याशी जाड आणि टोकाला बारीक, एका फांदीवर एकच शब्द. म्हणजे रंगरूप त्या पद्धतीच्या पोटातच आहे. म्हणून तर ‘सजावट’ला माझा विरोध.

सात_रस्ता :
ताई, विरोध मान्य, पण वर्गात काय होतं ते सांगतो. मुलांना रंग निवडायला दिले की अर्धा तास तेवढंच चालतं. प्रत्येक चौकटीला वेगळा रंग, मागे सूर्यास्ताचा फोटो, प्रत्येक शब्दाशेजारी हसरा चेहरा. फ्रीप्लेन या मनोनकाशाच्या प्रोग्रॅममध्ये फांद्यांना आपोआप निरनिराळे रंग द्यायची सोय आहे, ती लावून देतो आणि म्हणतो, आता रंगाला हात लावायचा नाही, मजकूर भरा. त्या बाई ‘सजावट’ म्हणाल्या ते असलंच काही बघून म्हणाल्या असतील.

दुसरं, पडद्याचं. आपल्याकडे मार्चनंतर खिडक्या लावून अंधार करायची सोय नाही, पोरं उकडून निघतील. उजेडात प्रोजेक्टर लावला की पिवळी आणि पोपटी फांदी गायब. काळ्या पार्श्वभूमीची थीम लॅपटॉपवर झकास दिसते, उजेडाच्या खोलीत नुसता राखाडी चिखल होतो. पांढरी पार्श्वभूमी, गडद अक्षर, आणि शेवटच्या बाकावरून वाचता येत नसेल तर ती फांदी त्या पडद्यावर नकोच. झेरॉक्स काढून वाटायचा असेल तर रंगाचा उपयोगच नाही. तिथे कारणांची रेघ तुटक, परिणामांची अखंड, असा फरक करावा लागतो. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारा एखादा मुलगा वर्गात असला तर त्यालाही हेच कामाला येतं.

आता माझा अडलेला शब्द. दाखवताना सगळ्या फांद्या बंद ठेवायच्या आणि बोलत जाऊ तशी एकेक उघडायची. मी सूचना लिहिली, ‘आधी सर्व फांद्या मिटवा.’ निम्म्या पोरांनी डिलीट मारलं की! मधलं ‘सोलापूर 1930’ तेवढं उरलं.

अनुवादाची_हमाली :
मराठीत छत्री मिटतात, पुस्तक मिटतात, पाकळ्या मिटतात. भांडण ‘मिटवतात’. ‘मिटवणे’ म्हणजे पुसणे हा हिंदीचा अर्थ. तुम्ही ‘मिटा’ लिहायला हवं होतं.

सात_रस्ता :
‘फांद्या मिटा’? पोरं म्हणतील सर, ‘वा’ राहिला. आमच्याकडे एका बाकावर तीन घरच्या भाषा बसतात. एकाची कानडी, एकाची तेलुगू, एकाची दखनी. फळा पुसायला ‘मिटाव’ म्हणणारं पोर चुकीचं बोलत नाही, घरचं बोलतं.

कोशातला_किडा :
घरचं घरी. पुस्तिका मराठी आहे.

धोटा :
किडाभाऊ, ‘पुस्तिका मराठी आहे’ ठीक, वाचणारी पोरं सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या वस्तीतली आहेत. आमच्या तेलुगू घरात फांदीला ‘कोम्मा’ म्हणतात. आपल्या मराठीतला ‘कोंब’ तिथलाच पाहुणा असावा, असा माझा अंदाज. सात रस्तावाले सर, ‘घडी घाला’ म्हणा. चादरीच्या गावात घडी पोराटोराला कळते, आणि घडी घातलेली वस्तू कुणी फेकून दिली असं समजत नाही.

सात_रस्ता :
घडी! हे लागलंच उद्यापासून. ‘कोम्मा’ मात्र नको, पोरं स्वल्पविराम देतील.

कोशातला_किडा :
कोंबाची ही व्युत्पत्ती कुठल्या कोशात मिळाली? ध्वनी जुळला की नातं जुळवायचं, ही तर स्थळं बघण्याची रीत झाली.

उसाचा_डोळा :
माळशिरसकडून रामराम. वर सगळे ‘चौकट चौकट’ करताय, पण फांदीला फांदी जिथून फुटते त्या जागेला काय म्हणता? इंग्रजीत नोड. विज्ञानाच्या पुस्तकात नोडला ‘पेर’ आणि दोन पेरांमधल्याला ‘कांडं’ दिलंय. पुस्तिकेत ‘पेर’ घ्या.

जुना_मास्तर :
पेर? बोटाची पेरं मोजून पहा. एका बोटाला तीन पेरं, ती सांध्यांमधली. अंगठ्याने त्या पेरांवरच माळ मोजतात. म्हणजे पेर हा मधला भाग, सांधा नव्हे.

उसाचा_डोळा :
बोटाचं मला ठाऊक नाही. उसात आम्ही ‘पेर लांब पडलं’ म्हणतो. पाणी-खत नीट मिळालं की पेर लांब.

जुना_मास्तर :
म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. लांब पडतं ते कांडं. सांधा लांब पडेल कसा?

उसाचा_डोळा :
मग पुस्तक चुकलं म्हणायचं का?

अनुवादाची_हमाली :
पुस्तकाने एक अर्थ ठरवून घेतला, शेताने दुसरा. परिभाषेत हे चालतं.

कोशातला_किडा :
मघाशी ‘सानुकूलन’ला हेच मी म्हणत होतो तेव्हा तुम्ही वापराच्या बाजूने होता. आता ठरवून घेण्याच्या?

अनुवादाची_हमाली :
मी नेहमी ज्याचं बटण आहे त्याच्या बाजूने असतो.

फळा_खडू :
पेराचं वाचतेय, पण प्रकरणाचं नाव अजून मोकळं आहे. ‘रंगरूप’ कसं वाटतं? ‘मनोनकाशाचे रंगरूप’. क्रियापद होत नाही, एवढंच. ‘रंगरूप बदलणे’ म्हणावं लागेल. ‘ठेवण’ पण सुचलं, ‘चेहऱ्याची ठेवण’ म्हणतो तसं, पण ठेवण जन्मजात, बदलता येत नाही.

आणखी एक. एका शाळेतल्या संगणकावर जुन्या टाइपात नकाशा केला, दुसरीकडे उघडला तर मल्लप्पा धनशेट्टींच्या जागी कंस आणि टक्केचिन्हं. कुठला टाइप सांगू मुलांना?

सात_रस्ता :
युनिकोडचाच, म्हणजे दुसऱ्या संगणकावरही अक्षरं तीच राहतात. ‘मुक्ता’ घ्या, फुकट मिळतो, बारीकपासून जाडपर्यंत वजनं आहेत. मधला शब्द जाड, फांदीवरचा मध्यम, टोकाचा साधा. ‘बालू’ मथळ्याला बरा, पण फांद्यांवर गर्दी करतो. दुसऱ्याच्या संगणकावर न्यायचंय तर पीडीएफ करूनच न्या आणि जोडाक्षरं फुटली नाहीत ना ते एकदा डोळ्यांखालून घाला. ‘श्रीकिसन’मधल्या श्रीवर आधी नजर टाका.

जुना_मास्तर :
श आणि ल सुद्धा बघा. 2009 च्या शासन निर्णयाप्रमाणे देठाचा श आणि पाकळीचा ल. बऱ्याच टाइपांत हिंदी वळणाचे येतात.

धोटा :
देठ आणि पाकळी! मग फांदी जिथून निघते ती जागा ‘देठ’ म्हणायला काय हरकत?

उसाचा_डोळा :
देठ टोकाला असतो, फळ-पानाचा. त्यातून फांदी फुटत नाही. फुटतं डोळ्यातून. एक डोळ्याची टिपरी (उसाचा तुकडा) लावा नाहीतर दोन डोळ्यांची, कोंब येतो तो डोळ्यातूनच. नोडला ‘डोळा’ म्हणा आणि मोकळे व्हा. हा डोळा दाबा, त्यातून दोन फांद्या काढा.

कोशातला_किडा :
‘डोळा दाबा’ असं दहावीच्या पुस्तिकेत छापणार? आणि फांदी बंद करायची तर काय, ‘डोळा मिटवा’?

अनुवादाची_हमाली :
डोळा ‘मिटा’. वरचा माझा मुद्दा अजून उभा आहे.

जुना_मास्तर :
मुद्दा राहू द्या. पेर नपुंसकलिंगी की पुल्लिंगी, ते कुणी सांगेल का? आमच्याकडे ‘ते पेर, ती पेरं’. एका पुस्तकात ‘पेरे’ वाचल्याचं आठवतं.

उसाचा_डोळा :
‘ते पेर’च. पण पेर म्हणजे सांधा नव्हे, हे मी अजून मान्य केलेलं नाही.